मराठी नावाचा लोगो चांगला कशाने होतो?

अनुस्वार (धागाकर्ता)

लोगोबद्दल काहीही शोधा, सगळे सल्ले रोमन अक्षरं गृहीत धरून दिलेले असतात. ‘साधा ठेवा, लक्षात राहील असा ठेवा’ हे ठीक. पण नावात जोडाक्षर असेल, खाली ऋकार नि वर अनुस्वार असेल, तर साधं म्हणजे नेमकं काय करायचं?

चर्चेला एक उदाहरण धरू. सुके मसाले विकणारा छोटा उद्योग, नाव ‘मृद्गंध’ (काल्पनिक, आणि मुद्दाम अवघड). लोगो जाणार कुठे? १०० ग्रॅमचं पाकीट, बिलाचं थर्मल यंत्र, टी-शर्टवरचं भरतकाम, दुकानाची पाटी, व्हॉट्सॲपचा गोल फोटो आणि रबरी शिक्का. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. ‘प्रसन्न रंग वापरा’ छापाचे प्रतिसाद नकोत.

टाकदौत

उदाहरण झकास निवडलंय, कारण यात देवनागरीचे सगळे मजले आहेत. शिरोरेषेच्या वर अनुस्वार, मध्ये अक्षराचं अंग, खाली ऋकार. शिवाय ‘द्ग’ एकाखाली एक लिहिलं तर तेही तळाच्या खाली उतरतं.

रोमन मोठी अक्षरं १० मिमी उंचीच्या जागेत पूर्ण १० मिमी वापरतात. देवनागरी शब्दाला तीच जागा दिली, तर अंगाच्या वाट्याला साधारण ५५ ते ६० टक्के उरतात, म्हणजे साडेपाच-सहा मिमी. म्हणून इंग्रजी लोगोच्या चौकटीत मराठी नाव कोंबलं की ते दुबळं दिसतं. आकार बेरजेच्या उंचीने ठरवू नका. शिरोरेषा ते तळरेषा हे माप धरा आणि वर-खाली किती जागा लागते ते नंतर बघा.

आता अक्षरश: एकेक.

‘द्ग’: द ला उभा दंड नाही, त्यामुळे दंड काढून त्याचं अर्ध रूप होत नाही. दोन वाटा राहतात. ग द च्या पोटाखाली लटकवायचा, किंवा द चा पाय मोडून ‘द्‌ग’ असं शेजारी लिहायचं. पहिलं रूप देखणं, पण अंग ५ मिमीच्या खाली गेलं की त्याचा गोळा होतो. दुसरं रूप रुंदी खातं, पण वाचता येतं. लोगोसाठी मी दुसरं घेईन. किमान छोट्या आकाराच्या आवृत्तीत तरी नक्की.

‘ध’: खरा धोका इथे आहे. ध च्या डाव्या खांद्यावर शिरोरेषा तुटलेली असते, घ ची अखंड असते. ठळक फॉन्टमध्ये ही फट आधीच चिंचोळी. छपाईत शाई थोडी पसरली की ती बुजते आणि ‘मृद्गंध’चं ‘मृद्गंघ’ होतं. भ आणि म चं तेच. फट रेषेच्या जाडीच्या निदान तीन चतुर्थांश तरी मोकळी ठेवा. फॉन्टमध्ये नसेल तर हाताने उघडा.

शिरोरेषा: उभ्या दंडाइतकीच जाड ठेवली तर शब्दावर तुळई ठेवल्यासारखी दिसते. ठळक अक्षरांत ती दंडाच्या ६५ ते ७५ टक्के पुरते. ‘आधुनिक’ दिसावं म्हणून शिरोरेषाच काढून टाकायची हौस हल्ली फार आहे. ग, ण, श सारख्या अक्षरांत सुटे तुकडे उरतात आणि ध-घ, भ-म ओळखण्याची खूणच जाते. काढायचीच असेल तर नाव आधी दहा अनोळखी लोकांकडून वाचून घ्या.

अनुस्वार: व्यास दंडाच्या जाडीच्या सव्वापट. बारीक ठेवला तर छपाईतला डाग वाटतो.

अजून एक. नावात ल किंवा श नसला तरी खालच्या ओळीत ‘मसाले’ येणारच. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचा ल देतात. काहींमध्ये मराठी रूप आत दडलेलं असतं. मजकुराची भाषा मराठी ठेवली तरच ते बाहेर येतं. नाव मराठी आणि ल हिंदी, हे लाखात एकाला कळतं म्हणतात. मराठी वाचकाला कळतं, फक्त काय खटकलं ते सांगता येत नाही.

गुळाचा खडा

टाकदौत, फॉन्टवरच अडकलात की. आधी चिन्ह ठरवायला नको का? स्टेट बँकेचा निळा गोल बघा, नाव न वाचता कळतो.

टाकदौत

@गुळाचा खडा, स्टेट बँकेचं चिन्ह अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलं, १९७१ मध्ये. पन्नास वर्षं देशभरच्या शाखांवर, पासबुकांवर आणि एटीएमवर ते दिसतंय, म्हणून नाव न वाचता कळतं. मसाल्याच्या नव्या पाकिटाला ती सोय नाही. गिऱ्हाईक रॅकसमोर दोन-तीन सेकंद उभं राहतं. तेवढ्यात त्याला नाव वाचता आलं पाहिजे, कारण पुढच्या वेळी ते दुकानदाराला नावच सांगणार आहे. ‘तो गोलात पानासारखं काहीतरी असलेला मसाला द्या’ असं कोणी म्हणत नाही.

त्या चिन्हातून शिकायचं ते वेगळंच. एक गोल, त्यात एक छोटा गोल नि खाली चीर. एका रंगात, कोणत्याही आकारात टिकतं. एलआयसीचे ज्योत जपणारे दोन हातही तसेच: काम आणि चित्र एकच. मिरची, पान, सूर्य, जातं नि कढई एकाच गोलात भरणाऱ्यांनी ही दोन चिन्हं समोर ठेवावीत.

प्रेसवाला

छपाईचं सांगतो. संगणकाच्या पडद्यावर सगळेच लोगो चांगले असतात.

सगळ्यात आधी एका रंगात, निव्वळ काळा करून बघा. छटा नको, सावली नको, करडा नको. इथे पडला तर पुढे जाऊच नका. बिलाचं छोटं थर्मल यंत्र ५८ मिमी कागदावर ४८ मिमी छापतं, म्हणजे आडवे ३८४ ठिपके, मिमीला ८. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, मधलं काही नाही. सोनेरी छटेचा लोगो तिथे पाठवला की ठिपक्यांची रांगोळी निघते. बिलासाठी त्याच मापाची काळी-पांढरी फाइल वेगळी करा, यंत्रावर लहान करायला सोडू नका.

रेषेची जाडी: ऑफसेटला पांढऱ्यावर काळी पाव पॉइंटची (पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिमी) रेषा निघते, पण गडद रंगात पांढरी सोडायची असेल तर निदान अर्धा, खरं तर एक पॉइंट हवा. चहूबाजूंनी शाई आत सरकते ना. टाकदौत म्हणतात ती ध ची फट उलट छपाईत आधी बुजते. म्हणून गडद पाकिटावर जाणारा लोगो वेगळा काढावा, अक्षर किंचित बारीक आणि फटी किंचित मोठ्या. नुसता रंग उलटा करून चालत नाही. पांढरं अक्षर गडदावर तसंही जाड दिसतं.

रंग दोन शायांत बसवा. (छपाईच्या चार शाया: सी निळी, एम किरमिजी, वाय पिवळी आणि काळी; पुढचे आकडे टक्क्यांत.) हळदीचा पिवळा म्हणजे एम २०, वाय १००. केशरी म्हणजे एम ६०, वाय १००. चारही शाया मिसळून केलेला तपकिरी बारीक अक्षरांत कधीच नीट बसत नाही. प्लेट केसभर हलली की शिरोरेषेला रंगीत कडा येते. निळा हवा असेल तर सी १०० बरोबर एम ७० च्या वर जाऊ नका. दोन्ही १०० केले की कागदावर जांभळा उतरतो आणि मग भांडण प्रेसशी.

पाकिटाचं: लॅमिनेटेड पाउचला ग्रॅव्ह्युअर (कोरलेल्या सिलिंडरने होणारी छपाई) असेल तर दर रंगाला एक सिलिंडर. सहा रंगांचा लोगो म्हणजे सहा सिलिंडरांचा खर्च, माल विकायच्या आधी. पारदर्शक फिल्मवर रंगामागे पांढरी शाई लागते, नाहीतर आतल्या मसाल्याचा रंग लोगोतून डोकावतो. क्राफ्ट पाउचवर सगळे रंग एक पायरी काळवंडतात, पिवळा तर जवळपास नाहीसाच.

आणि हिरवा ठिपका विसरू नका! शाकाहारी खूण, म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा गोल, पाकिटाच्या दर्शनी भागावर नावाच्या जवळच द्यावी लागते. लोगोतही हिरवा गोल किंवा चौकोन असेल तर शेजारी शेजारी दोन खुणा दिसतात.

कर्व्हवाली

प्रेसवाल्यांना अनुमोदन, पण निम्मा घोटाळा फाइल देतानाच होतो. देवनागरीचा खास दोष सांगते.

फॉन्टमधली अक्षरं शिरोरेषेच्या टोकाशी एकमेकांवर थोडी चढलेली असतात, म्हणूनच रेषा सलग दिसते. मजकूर कर्व्हमध्ये बदलला, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आखीव आकार केले, तरी हे तुकडे वेगळेच राहतात. भरीव काळ्यात कळत नाही. पण विनाइल कापणाऱ्या प्लॉटरला ती फाइल गेली की तो प्रत्येक सांध्यावर आडवा काप देतो आणि स्टिकर लावताना शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी सुटते. बाह्यरेखा दिली तरी तेच सांधे उघडे पडतात. उपाय सोपा आहे. कर्व्ह केल्यावर तुकडे एकत्र सांधायचे: कोरल या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं यूनाइट. मग वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात) बघायचं, सगळा शब्द एकच आकार दिसला पाहिजे. अनुस्वार तेवढा सुटा, आणि फटीमुळे ध सुटत असेल तर तो.

कर्व्ह न करता फाइल दिली तर दुसरी गंमत. जुन्या कोरलमध्ये युनिकोड जोडाक्षरं मोडतात, वेलांटी पलीकडे जाऊन बसते. प्रेसमध्ये श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरवर काम चालत असेल तर ते नाव पुन्हा टाइप करतात, त्यांच्या फॉन्टात, आणि तुमचा लोगो तिथेच संपतो.

क्लायंटला द्यायच्या फाइली: पीडीएफ आणि एसव्हीजी, कोरलची जुन्या व्हर्जनमध्ये जतन केलेली प्रत, पारदर्शक पीएनजी. प्रत्येकी चार रूपं: रंगीत, काळा, गडदावरचा पांढरा आणि छोट्या आकाराचा. जेपीजी मागतात म्हणून द्या, पण तिच्यावरून कोणी पाटी करणार नाही याची खात्री करा. एआयकडून काढून घेतलेले लोगो हल्ली येतात, त्यांतही हीच अडचण: चित्र ठिपक्यांचं असतं, आणि जोडाक्षर अनेकदा अस्तित्वातच नसलेलं. पुन्हा आखावंच लागतं.

फॉन्टचा परवाना बघा. मुक्ता, बलू, मोदक हे ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, लोगोत चालतात. कुठून तरी उतरवलेल्या फॉन्टबद्दल तसं म्हणता येत नाही. मात्र फॉन्ट जसाच्या तसा वापरू नका. बलूमध्ये लिहिलेलं नाव म्हणजे लोगो नव्हे, कारण शेजारच्या दुकानाकडेही बलू आहे. निदान एका अक्षरात हात घाला.

गुळाचा खडा

बरं, नाव वाचता आलं पाहिजे हे मान्य. पण व्हॉट्सॲपच्या गोलात ‘मृद्गंध’ कसं मावणार? तिथे चिन्ह लागतंच.

टाकदौत

तिथे लागतं, हे खरं. गोलात बसणाऱ्या चौरसाची बाजू व्यासाच्या ७१ टक्के असते. आडवा शब्द त्यात टाकला तर अक्षरं मुंगीएवढी होतात. ॲपची खूण करायची असेल तर अँड्रॉइडवर १०८ एककांच्या चित्रातलं मधलं ६६ व्यासाचं वर्तुळच सुरक्षित. कडेचं काहीही कापलं जाऊ शकतं.

पण वेगळं चित्र शोधण्याआधी नावाचंच पहिलं अक्षर बघा. ‘मृ’ एकटं घेतलं तर म चं अंग नि खाली ऋकाराचा आकडा, कोवळ्या मुळासारखा. हे आयतं मिळालेलं चिन्ह आहे. शब्दातला मृ आणि गोलातला मृ एकाच वळणाचे ठेवा, म्हणजे एक बघितल्यावर दुसरा आठवतो.

रुपयाचं चिन्ह अशाच विचाराचं आहे. डी. उदय कुमार यांची ही रचना २०१० मध्ये स्वीकारली. र आणि दंड नसलेला रोमन आर एकाच आकारात, वर शिरोरेषा. वेगळं नाणं किंवा थैली काढावी लागली नाही.

फेडेक्समधला लपलेला बाण सगळे सांगतात (१९९४चा लोगो). सांगायचं राहतं ते हे की अक्षरं त्यासाठी मुद्दाम घडवली, ई आणि एक्स यांच्यातली पोकळी बाण होईपर्यंत. अरबी लिपीतल्या लोगोत बाण आहे, पण उलट दिशेचा, कारण अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. लिपी बदलली की युक्ती नव्याने शोधायची. रोमन लोगोवर शिरोरेषा ओढून ‘हिंदी लूक’ देणारे मात्र काहीच शोधत नाहीत, असो.

पाटीकार

पाटीचं कोणी बोललं नाही.

ढोबळ हिशोब: १० फुटांवरून सहज वाचायला १ इंच उंचीचं अक्षर. रस्त्यापलीकडून, समजा ६० फुटांवरून, वाचायचं तर ६ इंच. हे ६ इंच शिरोरेषा ते तळाचे, मात्रांसकट नव्हे. ‘मृद्गंध’ला मग वर-खाली धरून १० इंच उंची लागते. तीन फुटांच्या पाटीत खाली ‘मसाले व लोणची’ आणि फोन नंबर घालायचा असेल तर आधी कागदावर मांडून बघा.

एलईडीची उठावाची अक्षरं करायची असतील तर शिरोरेषा वरदान आहे. ती अखंड असेल तिथवर शब्द एका पेटीत जातो, वायरिंग एकच. अनुस्वार मात्र सुटा राहतो: त्याला वेगळी पेटी, वेगळं भोक, वेगळी वायर. बऱ्याच पाट्यांवर विझलेला असतो तो अनुस्वारच. अक्षराची पट्टी ३० मिमीच्या खाली गेली की आत एलईडीचं मॉड्यूल नीट बसत नाही आणि उजेड ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. बारीक वळणाचा सुलेखनातला लोगो पाटीवर हवा असेल तर अक्षर पेटवू नका, मागून भिंतीवर उजेड टाका.

कायदा: महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव आधी हवं आणि इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी धावतपळत मराठी पाट्या केल्या. त्यांतल्या कित्येक बघून कळतं की मूळ लोगोत देवनागरीचा विचारच नव्हता. इंग्रजी घडवलेलं, मराठी टाइप केलेलं.

कर्व्हवाली

@पाटीकार, म्हणूनच देवनागरी आधी काढा आणि रोमन तिच्यावरून बेता. उलट केलं की मराठी कायम उसनी दिसते. जुळवताना शिरोरेषा रोमन मोठ्या अक्षरांच्या माथ्याला चिकटवू नका, किंचित खाली घ्या. लहान अक्षरांच्या माथ्याच्या वर, मोठ्यांच्या खाली. जाडी मोजून नाही, डोळे बारीक करून जुळवा. दोन्ही शब्द सारखेच काळे दिसले पाहिजेत.

प्रेसवाला

भरतकाम राहिलं. छातीवरचा लोगो साधारण ८०-९० मिमी रुंद. टाक्याची पट्टी १ मिमीपेक्षा बारीक नको आणि दोन पट्ट्यांमधली फटही १ मिमीच्या खाली नको, कारण दोरा फुगतो. टी-शर्टचं कापड ओढ खातं, गोल अनुस्वार अंडाकृती होतो; पंचिंग करणाऱ्याला (भरतकाम यंत्राची फाइल बनवणाऱ्याला) ओढीची भरपाई धरायला आणि मागे कागदी अस्तर लावायला सांगा. खालची ‘मसाले व लोणची’ ओळ भरतकामात काढूनच टाका.

कलमकसाई

कायद्याचं थोडं.

लोगो करून घेतला, पैसे दिले, म्हणजे तो आपला झाला असं नाही. बाहेरच्या कलाकाराने केलेल्या लोगोचा कॉपीराइट लेखी हस्तांतर होईपर्यंत सहसा त्याच्याकडेच राहतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर १९५७च्या कायद्यानुसार ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘कायमस्वरूपी, जगभर’ एवढे दोन शब्द लिहून घ्या.

ट्रेडमार्क: मसाले वर्ग ३०, लोणची वर्ग २९. वर्ग वेगळा म्हणजे फी वेगळी. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी १० वर्षांची, पुढे वाढवता येते. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी नुसतं नाव नोंदवा. लोगो पुढे बदलेल, नाव नाही. चित्र काळ्या-पांढऱ्यात दिलं तर संरक्षण सगळ्या रंगांना मिळतं. नोंदणी होईपर्यंत फक्त टीएम लिहा. गोलातला आर आधीच लावणं बेकायदेशीर आहे.

‘शुद्ध’, ‘गावरान’, ‘घरगुती’ असे वर्णनाचे शब्दच नाव म्हणून घेतले तर नोंदणी अवघड जाते. आणि आपल्याकडे हमखास होणारी चूक: छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र. १९५०च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत ते आहे, व्यापारी वापराला मनाई आहे. राजमुद्रेतले सिंह, अशोकचक्र, हेही नको.

अनुस्वार (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. माझं सदस्यनाम पाटीवर विझलेलं असतं हे नव्याने कळलं.

म्हणजे क्रम असा धरतो: आधी देवनागरी शब्द, ‘द्‌ग’ शेजारी लिहून, ध ची फट उघडून. मग एका काळ्या रंगात ४० मिमी, २० मिमी नि १२ मिमी रुंदीला छापून बघणं. त्यानंतर एकटा मृ. त्यानंतर रोमन. रंग सगळ्यात शेवटी. १२ मिमीला शब्द बुजला तर?

टाकदौत

बुजणारच. त्या मापाखाली शब्द वापरायचाच नाही, नुसता मृ. १२ ऐवजी १८ वर वाचता आला तर १८ ही किमान रुंदी म्हणून लोगोच्या पत्रकात लिहून टाका. तपासताना घरच्या लेझर प्रिंटरवर विसंबू नका, तो फार स्वच्छ छापतो. तीच प्रत दोनदा झेरॉक्स करून बघा.

प्रेसवाला

आणि रबरी शिक्का. आधी तो करून बघा, सगळ्यात स्वस्त परीक्षा आहे. ध चा घ झाला तर पहिल्याच ठशात कळेल.